शटरला मोटर बसवण्यापूर्वी

घर बांधून होते, रंग लागतो, नव्या घरात पंगत उठते आणि मग पुण्या-मुंबईकडे नोकरीला असलेला मुलगा फोनवर म्हणतो, "आता खालच्या शटरला मोटर बसवून टाकू. आईने का वाकायचे?" मुलाची भावना चांगलीच असते. आईचे गुडघे दुखत असतात, वडिलांच्या कमरेत उसण भरलेली असते आणि लोखंडी शटर म्हणजे काही गवताची पेंढी नव्हे. मोटर येते, रिमोट येतो, आणि चार दिवस शेजारपाजारची मुले शटर आपोआप वर जाताना पाहायला जमतात. वीज गेली तर घरातले माणूस बाहेर कसे येणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या घरातही कोणी विचारले नव्हते.

आमची आत्या पुरुषोत्तमनगरला राहते. शहादा तालुक्यातले हे गाव सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढले. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते कारखान्यात लागले तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. सगळी नोकरी वसाहतीतल्या खोल्यांत गेली. निवृत्तीनंतर प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा आणि मुलाची मदत यांतून त्यांनी एक प्लॉट घेऊन घर उभे केले. खाली एक मोठी खोली, तिला रस्त्याच्या बाजूने दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच शटर, आत जुनी मारुती व्हॅन आणि मामांची मोपेड. त्याच खोलीतून वर जिना. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की रस्त्यावर उघडणारे दुसरे दार त्या घराला नव्हते. प्लॉट अरुंद, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि मागे एक बोळ. बोळाकडे दार ठेवले तर खोलीतली जागा जाते म्हणून ते ठेवले नाही.

मोटर बसून दोन महिने झाले होते. मे महिन्यातली दुपार. त्या भागात मे महिन्यातली दुपार म्हणजे काय, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. मामा कामानिमित्त शहाद्याला गेले होते आणि आत्या घरात एकटी होती. तिला चक्कर आली, दोन उलट्या झाल्या, तिने मामांना फोन केला. मामा रिक्षा घेऊन दारात हजर झाले, खिशातून रिमोट काढला, बटण दाबले. शटर हलले नाही. वीज गेलेली होती.

मामांनी हाताने शटर उचलायचा प्रयत्न केला. रिक्षावाला मदतीला आला, शेजारचे दोघे आले. चार माणसांनी शटर उचलून पाहिले, पण ते बोटभरही वर गेले नाही. शेवटी शेजारच्या मुलाने शिडी लावली, गॅलरीतून आत जाऊन आत्याला साखर-मीठ घातलेले पाणी करून दिले आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. पण तिला त्या शिडीवरून खाली आणणे शक्य नव्हते. गॅस कटरवाल्याला निरोप गेला. तो पोचायच्या आत दीड तासाने वीज आली आणि शटर अगदी शहाण्यासारखे सरसर वर गेले. आत्याला दवाखान्यात सलाईन लागले आणि ती रात्री घरी आली. तो दीड तास आठवला की मामा अजूनही बोलता बोलता थांबतात.

पुढच्या आठवड्यात आम्ही उभयता आत्याला भेटायला गेलो. मामांनी कारखान्यात विजेचे काम करून निवृत्त झालेल्या आपल्या एका जुन्या सहकाऱ्यांना बोलावून घेतले होते. जयभीम झाला, चहा झाला आणि त्या गृहस्थांनी स्टुलावर चढून शटरचा वरचा डबा उघडला. आत डोकावून ते म्हणाले, "भाऊ, याच्या स्प्रिंगा कुठे गेल्या?"

इथेच सगळी गोम होती. म्हणून मोटरचे प्रकार पाहण्याआधी शटर कसे चालते ते आपण समजून घेऊ. पोलादी पत्र्याच्या वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींत ओवून शटर तयार होते आणि ते वरच्या पाईपवर गुंडाळले जाते. १.२ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे साधारण १८ गेजच्या, नुसत्या सपाट पत्र्याचे वजन एका चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरते. आत्याच्या घरचे शटर दहा गुणिले आठ फूट, म्हणजे सुमारे ७.४ चौरस मीटर. नुसता पत्राच सत्तर किलोचा झाला. पट्ट्यांच्या वळणांत जादा पत्रा जातो, खालची जाड पट्टी आणि कुलपाच्या कड्या असतात. हे सगळे धरले तर नव्वद-शंभर किलो होतात. एवढे ओझे बाजारातला दुकानदार रोज सकाळी एका हाताने वर ढकलतो, ते काही त्याच्या दंडातल्या बळामुळे नव्हे. पाईपच्या आत पिळलेल्या स्प्रिंगा असतात. शटर खाली येताना त्या पिळल्या जातात आणि वर जाताना तो पीळ सुटून बहुतेक सगळे वजन त्याच उचलतात. माणसाने द्यायचा असतो तो फक्त उरलेला रेटा.

आत्याच्या घरी ज्या कारागिराने मोटर बसवली, त्याने शटरचा जुना पाईप स्प्रिंगांसकट काढून टाकला आणि त्या जागी आतच मोटर असलेला नवा पाईप घातला. मोटर ताकदीची होती, त्यामुळे वीज असेतो फरक जाणवला नाही. वीज गेल्यावर मात्र शटरचे पूर्ण वजन आणि मोटरचा आवळलेला ब्रेक दोन्ही मिळून दारात उभे राहिले. हाताने फिरवायचा दांडा त्या मोटरला नव्हताच. तो असलेली मोटर थोडी महाग पडते, आणि दांडा हवा का हे कोणी विचारले नाही, कोणी सांगितलेही नाही. कारागिराला आम्ही फार दोष देत नाही. त्याला 'मोटर बसवून द्या' म्हणून सांगितले होते, त्याने बसवून दिली.

आता प्रकारांकडे वळू. आधी एक गंमत सांगतो. आपल्याकडे गॅरेज म्हटले की ग्रीसने माखलेला मिस्त्री आणि उघडे बॉनेट डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला जोडलेली गाडीची खोली. तिचे वर उचलले जाणारे दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली आणि ते विजेने उचलणारे यंत्र १९२६ साली तयार केले. तिथले दार रुंद फळ्यांचे असते आणि ते गुंडाळले न जाता रुळांवरून जाऊन छताखाली आडवे पडते. त्याच्या मोटरचे साखळीचे, पट्ट्याचे आणि लांब आट्याच्या स्क्रूचे असे प्रकार आहेत. साखळी स्वस्त आणि खडखडणारी, पट्टा महाग आणि शांत. बाजूच्या भिंतीवर बसणारा आणखी एक प्रकार असतो. परदेशी असलेल्या आपल्या मुलांना या माहितीचा उपयोग होईल. गॅरेजच्या वर झोपायची खोली असेल तर त्यांनी पट्ट्याचा प्रकार घ्यावा. शहाद्या-नंदुरबारकडे अशी दारे क्वचितच दिसतात. आपल्याकडे असते ते गुंडाळणारे शटर, नाहीतर अंगणाचे फाटक.

शटरला मोटर तीन जागी बसते. पाईपच्या पोटात बसणारी ही पहिली. ती दिसत नाही, आवाज कमी करते, आणि ॲल्युमिनियमच्या हलक्या शटरला किंवा खिडकीच्या पडद्याला उत्तम. पण जड लोखंडी शटरला ती लावताना स्प्रिंगा बहुधा जातात, हे आपण पाहिलेच. दुसरी पाईपच्या एका टोकाला कंसावर बसते आणि सायकलसारख्या साखळीने पाईप फिरवते. गोदामांना आणि मोठ्या दुकानांना ती असते. वीज गेली तर तिच्याबरोबरची हातसाखळी ओढून शटर वर घेता येते, पण हळूहळू, आणि साखळी लोंबते ती आतल्या बाजूला. म्हणजे आत माणूस हवा आणि त्या माणसाच्या हातात बळ हवे. चक्कर आलेल्या म्हाताऱ्या बाईने साखळी ओढत बसायचे, ही काही सोय झाली नाही.

तिसरी मोटर पाईपच्या मधोमध बसते. आधीच्या शटरचा पाईप आणि स्प्रिंगा तशाच ठेवून ती लावता येते. उचलण्याचे मुख्य काम स्प्रिंगाच करतात, मोटर फक्त रेटा देते, म्हणून लहान मोटर पुरते. तिच्या ब्रेकपासून एक तार निघते. ती ओढली की ब्रेक सुटतो आणि शटर पूर्वीसारखे हाताने वर जाते. घराच्या साध्या लोखंडी शटरला मोटर लावायचीच असेल तर ही तिसरी लावावी, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. पण तार आत एकीकडे आणि कुलूपबंद डब्यातून बाहेरही एकीकडे, अशी दोन्हीकडून ओढता आली पाहिजे. बाहेरच्या डब्याची एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे असावी. कारागीर म्हणेल, बाहेर कशाला, चोराची सोय होईल. डबा जाड पत्र्याचा करावा, कुलूप चांगले घ्यावे, पण बाहेरची तार सोडू नये.

आणि मोटर लावायचीच नसेल तर? हा प्रश्न आम्ही त्या गृहस्थांना विचारला तेव्हा ते हसले. म्हणाले, "निम्म्या शटरांना मोटर नको असते, तेलपाणी हवे असते." रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे. त्याच्या हिशोबाने सुमारे ८ चौरस मीटरपर्यंतचे शटर साध्या ढकल-ओढ पद्धतीने हातानेच चालावे आणि बॉल बेअरिंग घातले तर १२ चौरस मीटरपर्यंतचेही चालावे. म्हणजे आत्याचे ७.४ चौरस मीटरचे शटर मुळात हाताने चालण्याजोगेच होते! ते जड का झाले? स्प्रिंगा गंजून सैल पडल्या होत्या आणि एका बाजूचे गाईड व्हॅनचा धक्का लागून वाकले होते. त्यात कारखान्याच्या गळीत हंगामात धुराड्यातून येणारी काळी राख आणि भुश्श्याची कुसळे गाईडमध्ये बसत होती. घरच्यांनी त्यावर हौसेने ग्रीस चोपडले. ग्रीसला राख चिकटली आणि तिचा डांबरासारखा लगदा झाला. गाईड कोरड्या फडक्याने पुसून ठेवायचे असतात. तेल द्यायचे ते बेअरिंगला आणि स्प्रिंगांना, तेही बेताने.

शटर ठीक आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण त्यांनी दाखवली. मोटर सोडवून शटर कमरेइतके वर घ्यावे आणि हात हलकेच सैल करावा. जागीच राहिले, किंवा जरासे खालीवर सरकून थांबले, तर तोल बरोबर आहे. धाडकन खाली येऊ लागले तर स्प्रिंग गेली आणि आपोआप वर पळू लागले तर पीळ जास्त झाला. पाहताना पाय शटरखाली ठेवू नयेत, मुलांना जवळ येऊ देऊ नये. पण पीळ कमीजास्त करायचे काम कोणीही घरी करू नये. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. मामांसारख्या, सगळे स्वतःच करून पाहणाऱ्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहिले आहे.

हाताचे शटर दुरुस्त करूनही जड वाटत असेल तर मधला एक मार्ग आहे. भिंतीवर गिअर आणि त्याला फिरवायचा दांडा. विजेचा संबंध नाही, वाकायला नको, वजन ओढायला नको. उभ्याने दांडा फिरवायचा. वेळ लागतो खरा. पण दिवसातून दोनदा गाडी काढणाऱ्या निवृत्त माणसाला असे किती मिनिटांचे घाईचे काम असते? रिमोटचा झगमगाट नाही म्हणून हा प्रकार मागे पडला आहे. आम्हाला तो पसंत आहे.

विजेविषयी आता थोडे लिहितो. मामांचा मुलगा, आमचा आतेभाऊ, फोनवर म्हणाला, "घरात इन्व्हर्टर आहे, त्यावर का नाही जोडली?" जोडून पाहिली होती. मोटर सुरू होतानाच्या क्षणी तिला चालू असतानाच्या कित्येक पट विजेचा झटका लागतो, आणि दोन पंखे चार दिवे चालवणारा लहान इन्व्हर्टर तेवढ्याने बंद पडतो. बॅटरीवर चालणारे शटर हवे असेल तर मूळ मोटरच २४ व्होल्टची, स्वतःच्या बॅटरीसह घ्यावी लागते. ती अलगद सुरू होते, अलगद थांबते. बॅटरी मात्र काही वर्षांनी बदलावी लागते, आणि ती मेली आहे हे बरोबर वीज गेल्यावरच कळते, म्हणून महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून शटर उघडून पाहावे.

विजेचे बिल वाढेल का, असे आत्याने विचारले. आम्ही तिच्यासमोर कागदावर हिशोब मांडला. अर्ध्या अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ३७० वॅटची मोटर एका फेरीला २० सेकंद चालली तर दोन वॅट-तास वीज जाते. दिवसाच्या आठ फेऱ्या धरल्या तरी महिन्याला अर्धे युनिट होते. उलट रिमोटची वाट पाहत चोवीस तास जागा असलेला लहानसा डबा ४ वॅट खात असेल तर महिन्याला जवळजवळ तीन युनिट जातात. काम करणाऱ्यापेक्षा नुसते बसून राहणाऱ्याचा खर्च जास्त. आत्या म्हणाली, "सगळीकडे तेच रे."

बिलाची काळजी नसली तरी शॉकची काळजी घ्या. शटर सगळे लोखंडाचे, पावसात ओले होणारे, आणि रस्त्याने जाणारे कोणीही पोर त्याला हात लावणारे. मोटरची वायर कुठे घासली गेली तर अख्खे शटर विजेचे होऊ शकते. म्हणून मोटरला स्वतंत्र लाईन, चांगले अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी ही तीन कामे आधी, मोटर नंतर. नुसता एमसीबी पुरत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला नव्हे. पैसे कमी पडत असतील तर रिमोट कमी करा, अर्थिंग नको. विजेचा दाब कमी असला की मोटर नुसती घुमते, उचलत नाही आणि तापते. अशा वेळी बटण दाबत राहू नये. मुलांनी खेळ म्हणून चार-पाच वेळा लागोपाठ वर-खाली केले तरी ती तापून स्वतः बंद पडते आणि थंड झाल्याशिवाय चालत नाही. पुष्कळ जण तेवढ्यात 'मोटर जळाली' म्हणून कारागिराला बोलावतात आणि फेरीचे पैसे देऊन बसतात.

मुलांवरून आठवले. अमेरिकेत आपोआप बंद होणाऱ्या दारांखाली सापडून लहान मुलांचे जीव गेले आणि मग कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना, दार खाली येताना अडथळा लागला तर उलटे वर जाण्याची सोय सक्तीची झाली. त्याशिवाय चौकटीच्या पायाशी प्रकाशाचा डोळा, किंवा दाराच्या कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी, किंवा तशी दुसरी सोयही लागते. आपल्या बाजारात स्वस्तातल्या शटर मोटरींना हे बहुधा नसते. जड शटर खाली येत असते आणि खाली कोण आहे हे त्याला कळत नाही. म्हणून प्रकाशाचा डोळा वेगळा मागून घ्यावा. तो परवडत नसेल तर शटर उतरवण्यासाठी बोट दाबून धरलेले असेपर्यंतच चालणारे आणि बोट काढताच थांबणारे बटण लावावे. ते भिंतीवर पाच फुटांच्या वर, आणि जिथे उभे राहून शटर पूर्ण दिसते अशा जागी असावे. वरच्या मजल्यावर पलंगावर बसून रिमोटने शटर बंद करायचे, ही हौस फार महाग पडू शकते.

दुसरा कायदा आमच्या आत्याच्या प्रसंगाशी थेट जुळतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात मोठे वणवे लागले. वीज गेली, आणि काही वृद्ध माणसांना गॅरेजचे विजेचे दार हाताने उघडता आले नाही. त्यात माणसे दगावली. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला, आणि १ जुलै २०१९ पासून तिथे वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारेच यंत्र विकता आणि बसवता येते. एवढ्या श्रीमंत मुलुखालाही हे माणसे गेल्यावर सुचले. पुरुषोत्तमनगरला वणवा नाही, पण मे महिना आहे, आणि घरोघरी एकटी म्हातारी माणसे आहेत.

रिमोटचे थोडक्यात. जुन्या पद्धतीच्या रिमोटमध्ये लहान खटक्यांनी ठरलेला एकच संकेत असतो. आठ खटके असतील तर सगळे मिळून २५६ संकेत होतात, त्यामुळे दुसऱ्याच्या रिमोटने आपले शटर उघडणे अशक्य नाही, आणि संकेत चोरून नक्कल करणे सोपे. प्रत्येक वेळी संकेत बदलणारा रिमोट मिळतो, तोच घ्यावा. व्हॅनमध्ये रिमोट ठेवून व्हॅन रस्त्यावर उभी करू नये. रिमोट आहे म्हणून खालच्या कड्यांची कुलपे काढून टाकतात, तेही करू नये. घर बंद करून गावाला जाताना ती लावावीत आणि परत आल्यावर बटण दाबण्याआधी आठवणीने काढावीत. कुलूप लावलेल्या शटरची मोटर सुरू केली तर पट्ट्या फाटतात.

ज्यांच्याकडे शटर नाही, अंगणाला सरकते फाटक आहे, त्यांच्यासाठी दातेरी पट्टीवर चालणारी मोटर असते, आणि दोन झडपांच्या फाटकाला हातासारखा दांडा असलेली. सरकत्या फाटकाला मोटर लावण्यापूर्वी रुळाच्या दोन्ही टोकांना मजबूत अडसर आहेत का हे पाहिलेच पाहिजे. अडसर नसेल तर फाटक रुळावरून सुटून आडवे पडते, आणि त्याखाली बहुधा ते बंद करायला धावलेले लहान मूल असते. या मोटरींना किल्लीने सोडवून फाटक हाताने ढकलायची सोय असते. ती किल्ली कपाटातल्या कागदपत्रांत ठेवू नका.

आणखी एक. शटर खाली ओढून आत गाडी किंवा मोपेड सुरू ठेवू नये, थंडीत इंजिन गरम करायलासुद्धा नाही. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. आत्याच्या घरी तर जिना तिथूनच वर जातो, म्हणजे धूर थेट झोपायच्या खोलीत.

तर आत्याच्या घरी पुढे काय झाले? आतेभाऊ पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आला. त्याला वाईट वाटत होते, आणि वाईट वाटले की माणूस खर्च करायला निघतो, तसा तो बॅटरीची, परदेशी बनावटीची मोटर घ्यायला निघाला. मामांचे म्हणणे, मोटर उपटून फेकून द्या. दोघांचे आवाज चढले. आत्या भाकरी थापत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "मोटर ठेवा नाहीतर काढा. मला आधी एक दार द्या."

मागच्या बोळाकडची भिंत फोडून तीन फुटी लोखंडी दार बसले. आतून कडी, बाहेरून कुलूप. व्हॅन दीड फूट पुढे घ्यावी लागली, मोपेड जिन्याखाली गेली. पाईपमधली मोटर काढून स्प्रिंगांचा पाईप परत घातला. स्प्रिंगा नव्या, बॉल बेअरिंग नवे. गाईड सरळ करून घेतले. सगळे झाल्यावर त्या निवृत्त गृहस्थांनी शटर कमरेइतके वर नेऊन सोडले. ते जागेवर थांबले. मग त्यांनी आत्याला बोलावले आणि म्हणाले, "वहिनी, लावा हात." आत्याने पदर खोचला आणि एका हाताने शटर वर सारले. पूर्ण नाही, डोक्याइतके गेले. पुढचे मामांनी केले.

मधोमध बसणारी मोटर दिवाळीत घ्यायची, असे बापलेकांत ठरले आहे. लाईन आणि आरसीसीबी आत्ताच टाकून घेतला आहे. जुनी मोटर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. मामा म्हणतात, गिऱ्हाईक मिळेल. आत्या हल्ली बाजारात जाते-येते ती मागच्या दाराने, आणि त्या दाराची एक किल्ली शिडी लावून चढलेल्या त्या शेजारच्या मुलाच्या आईकडे असते.